आधीचे सॉरी

यवतमाळहून मारेगावला निघणाऱ्या एसटीत मी बाहेरूनच रुमाल टाकून खिडकीची जागा धरली होती. आत पोचलो, तर तेथे माझ्याच वयाच्या एक बाई बसलेल्या. माझा रुमाल त्यांनी नीट घडी करून हातात धरला होता.

"सॉरी बरं भाऊ," म्हणत त्यांनी तो मला परत दिला.

मी शेजारी बसलो. हा शब्द माझ्याही तोंडी सतत असतो. पण तो चूक घडल्यावर, पुष्कळ मनस्ताप करून घेतल्यावर येतो. बाईंचा मात्र आधी येई. "सॉरी" म्हणून त्यांनी पुढच्या माणसाचे सामान सरकवले. "सॉरी" म्हणून माझ्या वर्तमानपत्राचे पान काढले आणि त्यावर शेंगांची टरफले टाकू लागल्या.

न राहवून मी विचारले, "इतक्यांदा कशाला म्हणता?"

"पयलेच म्हणून टाकलं का मंग बिनघोर काम करता येते. मागून म्हणाचं जिवावर येते, भाऊ."

करंजीला त्या पाणी प्यायला उतरल्या. मी धीर एकवटून खिडकीशी सरकलो. त्या परतताच "सॉरी" म्हणालो आणि लगेच शरमून उठू लागलो.

"बसा, बसा. उठले तं तुमचं सॉरी वाया जाईन," त्या हसल्या. मग पायाशी ठेवलेली वांग्यांची जड थैली उचलून, "सॉरी बरं," म्हणत त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

वारा सुखाचा होता. थैली खाली ठेवावी असे अनेकदा वाटले. पण पुन्हा सॉरी म्हणण्याचे बळ माझ्यात उरले नव्हते.