जडवस्तू नोंदवहीत नसलेला प्रोजेक्टर

आयुष्यभर न्यायालयात कारकुनी केल्यामुळे असेल, पण राग आला की मी आवाज चढवत नाही, कागद ओढतो. नळाला गढूळ पाणी आले, एसटी थांब्यावर थांबली नाही, मंडपाने रस्ता अडवला. प्रत्येकाचे पत्र आणि प्रत्येकाची पोच माझ्या फायलींत आहे. त्यांतले एकच पत्र मला परत हवे आहे.

नात तेव्हा आठवीत होती. शाळेतून आली की सांगे, "आज्जा, आज विज्ञानाला पिक्चर होता."

"आणि कॉम्प्युटरला?"

"त्यालाबी पिक्चरच की!"

दोन्ही विषय एकच बाई शिकवत. त्या चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीहून रोज एसटीने येत आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्या होत्या. म्हणजे शाळेला नको झाल्या की घरी. हे मला ठाऊक होते. तरीही शाळेचे थिएटर झाले आहे या संतापाने मी लेखणी उचलली.

उठून एकदा वर्ग पाहावा, हे मला सुचले नाही. मी माहितीच्या अधिकारात शाळेची जडवस्तू नोंदवही मागवली. बाकापासून परीक्षानळीच्या स्टँडपर्यंत शाळेची प्रत्येक वस्तू तिच्यात लिहिलेली असते. प्रोजेक्टर नव्हता. माजी विद्यार्थ्यांनी तो भेट दिला होता आणि नोंद करायची राहून गेली होती. मला हवे ते सापडले. विनानोंद यंत्रावर, विनामंजुरी चित्रफिती दाखवून विद्यार्थ्यांचा वेळ वाया घालवला जातो, अशी चार पानी तक्रार मी शिक्षण विभागाकडे धाडली. शेवटी माझे नेहमीचे कलम होते: 'तक्रारदाराने पुढे तक्रार मागे घेण्याची इच्छा दर्शविल्यास ती दबावाखाली आहे असे समजून चौकशी पूर्ण करावी.' तक्रारदाराला चहा पाजून गप्प बसवण्याची आपल्याकडची रीत मी पुष्कळ पाहिली होती.

चौकशी अधिकारी आले. मलाही बोलावणे होते. ते बाईंना म्हणाले, "आधी काय दाखवता ते बघू, मग सील करू."

खिडक्यांना घोंगडी लावून वर्गात अंधार केला. भिंतीवर दोन म्हाताऱ्या हातांचे चित्र उमटले. समोर ताटात लहानमोठी घुंगरे एका रांगेत मांडली होती. फितीतूनच बाईंचा आवाज आला: "शेजारच्या दोघांनाच बघायचं. मोठं असंल ते उजवीकडं. रांग संपली की परत पहिल्यापासनं. कॉम्प्युटरबी असंच करतोय, फक्त त्याचं कंबरडं दुखत न्हाय." वर्ग हसला. हात बाईंच्या आईचे होते, हे मला नंतर कळले. पुढच्या फितीत पैंजणावर चांदीचा मुलामा चढत होता. द्रावणातून चांदीचे कण कसे सरकतात ते बाईंनी चित्रावर हलणारे ठिपके काढून दाखवले होते. नात पुढच्या बाकावर बसून आवाजाबरोबर ओठ हलवत होती. तिला सगळे पाठ होते.

न्यायालयात मी हजारो प्रकरणे तारीखवार लावली. त्या लावण्यालाही एक शास्त्र आहे, हे मला त्या दिवशी, त्या वर्गात कळले.

मी उभा राहिलो. "साहेब, मी तक्रार मागे घेतो."

अधिकाऱ्यांनी शेवटचे पान उघडले आणि माझे कलम सगळ्यांदेखत मोठ्याने वाचले. "काका, हे तुम्हीच लिहिलंय न्हवं? कुणाचा दबाव आलाय का?"

"कुणाचाही नाही."

"दबावाखालचा माणूस असंच म्हणतोय की. आणि आता मी तुमचं ऐकलं, तर उद्या माझ्यावरच पत्र घालाल!"

मुले पुन्हा हसली. या खेपेला नातीने मान खाली घातली होती. प्रोजेक्टर कपाटात गेला आणि कुलपावर लाखेचे सील बसले. भाषा माझी होती, सही माझी होती.

फाटकापाशी मी बाईंना गाठले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"काका, एकदा वर्गात येऊन बसायचं होतं की," त्या म्हणाल्या. "मागचा बाक रिकामाच असतोय." एवढे बोलून त्या थांब्याकडे गेल्या.

चौकशीला घाबरून संस्थेने पुढच्या वर्षी त्यांना नेमले नाही. त्या आता घरच्या कारखान्यात पैंजणांना घुंगरे जोडतात, असे ऐकतो. त्यांना परत घ्यावे म्हणून मी संस्थेला आणि सील काढावे म्हणून विभागाला लिहीत असतो. संस्था उत्तर देत नाही. विभागाचे उत्तर ठरलेले आहे: आपल्याच तक्रारीवरील अहवाल प्रलंबित आहे.

नवे सर पुस्तकातली व्याख्या फळ्यावर लिहून देतात. परवा नातीने क्रमवारी लावण्याची व्याख्या मला एका दमात म्हणून दाखवली. एक शब्द चुकला नाही.

"आणि ती घुंगरं गं?" मी विचारले.

तिने वही मिटली. "ते परीक्षेला न्हाय, आज्जा."