अप्पन हेसरु

ती घटना आजही आठवते असं म्हटलं, तर ते अर्धंच खरं होईल. बारा वर्षं मी ती विसरायचा प्रयत्न केला, आणि एका विडी वळणाऱ्या बाईनं तो हाणून पाडला.

त्या वेळी मी निपाणी भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका वखारीतून तंबाखूची बोदं, म्हणजे भरलेली मोठी पोती, चोरीला गेली होती. माल टेंपोतून कोल्हापूरकडं निघालाय, अशी खबर सकाळी सकाळी आली आणि आम्ही कोगनोळी नाक्यावर थांबलो. टेंपो अडवताच चालक उसात पळाला. शेजारी बसलेला माणूस हाती लागला. तिशीतला, घाबरलेला, उजव्या हाताला करंगळी नसलेला.

माझं घर मराठी. पण खाकी चढवली की माझ्या तोंडातून कन्नड यायचं. त्यात जास्त वजन आहे असं तेव्हा वाटायचं. मी दरडावून विचारलं, "हेसरु?" म्हणजे नाव. तो म्हणाला, "अण्णा." आमच्या भागात अण्णाप्पा नावाची माणसं गल्लोगल्ली. मी अण्णाप्पा लिहून घेतलं. पुढं विचारलं, "अप्पन हेसरु?" कन्नडमध्ये अप्प म्हणजे बाप. त्याच्या कानावर 'आप्पा' एवढंच पडलं. घरात तो चुलत्याला आप्पा म्हणायचा. त्यानं चुलत्याचं नाव सांगितलं.

बिचारा एक अक्षर खोटं बोलला नाही. अख्खं गाव त्याला अण्णाच म्हणायचं. खरं नाव वेगळं होतं, ते मी विचारलंच नाही. आणि त्या चुलत्याला अण्णाप्पा नावाचा मुलगा खरोखरच होता. गावात ट्रॅक्टर चालवणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी केलेल्या अटकेच्या कागदावर आरोपी म्हणून तो उभा राहिला.

करंगळी नसलेला माणूस जामिनावर सुटला आणि पसार झाला. कोर्टानं वॉरंट काढलं. आमची माणसं गावातून अण्णाप्पाला उचलून घेऊन आली.

"सायेब, त्यो मी न्हवं! अण्णा म्हंजे माझा चुलतभाऊ. गोव्याला गेलाय त्यो."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग हातांकडं. बोटं दहा होती. सगळं त्याच क्षणी कळलं. पण माझ्या बढतीचे कागद वर गेले होते. चूक कबूल केली असती तर खात्याची चौकशी लागली असती. मी म्हणालो, "काय सांगायचं ते कोर्टात सांग."

अकरा दिवस तो हिंडलग्याच्या तुरुंगात होता.

पुढं त्याला जामीन मिळाला, पण खटला हलेना. फिर्याद माझी, साक्ष माझी. माझी बेळगावला बदली झाली होती. समन्स आलं की मी 'बंदोबस्तावर आहे' असं उत्तर पाठवायचो. तारखा पडत राहिल्या, तो जात राहिला.

बारा वर्षांनी भर दुपारी ती बाई माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी.

"तक्रार काय आहे, आक्का?"

"तक्रार न्हाय. एक वळ लागंना झाल्या. तेवढी वाचून द्या."

तिनं पिशवीतून कोर्टाच्या शिक्क्याची नक्कल काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अक्षर माझंच होतं. मी कन्नडमध्ये वाचलं.

"आता मराठीत सांगा."

"ओळखीची खूण. उजव्या हाताची करंगळी नाही."

"माझ्या मालकाची धाच्या धा बोटं हाईत, सायेब. सकाळीच मोजून आलोय."

दाराशी उभा असलेला हवालदार हसला. मला हसता आलं नाही.

तिच्या नवऱ्याला एका शाळेनं बसवर ड्रायव्हर म्हणून घ्यायचं ठरवलं होतं. पोलीस पडताळणीत जुना गुन्हा निघाला. तीन महिने जागा ठेवतो, तोवर नाव स्वच्छ करून आणा, असं शाळेनं सांगितलं. ठाण्यात तिला उत्तर मिळालं, जुनं रजिस्टर सापडत नाही. जुना वकील वारला होता, कागद त्याच्याकडंच राहिले होते, आणि तारखेला नवरा नुसता नावाच्या पुकाऱ्यावर उभा राहायचा. मग ती कॉम्प्युटर सेंटरवर गेली. तिथल्या मुलीनं कोर्टाच्या साइटवर इंग्रजीत नाव घालून बघितलं. एक एन, दोन एन, एक पी, दोन पी. काही निघालं नाही. ती मुलगी म्हणाली, "आक्का, नावानं न्हाय गावायचं, नंबर आणा." घरी गुन्ह्याचा नंबर होता, पण ठाण्याचा नंबर वेगळा आणि कोर्टाचा वेगळा, हे आमच्या नव्या पोरांनाही पटकन उमगत नाही. कोर्टाचा नंबर वॉरंटवर असतो. तिनं ट्रंकेच्या तळातून ते वॉरंट काढलं, नकलेचा अर्ज केला आणि पुरा गठ्ठा मिळवला.

गठ्ठा सगळा कन्नडमध्ये. ती मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेली.

"मग वाचलं कसं?"

"निपाणीच्या स्टँडावर बसून बसच्या पाट्या वाचायला शिकलो. चिक्कोडीचा च, हुक्केरीचा ह. मांडीवर विड्यांचं सूप, कडंला कागद. रोज चार वळी."

माझ्या नोकरीत मी अनेक हुशार तपास अधिकारी बघितले. स्वतःच्याच ठाण्याचा कागद सापडला नाही म्हणून हात वर करणारेही बघितले. असा तपास कुणी केलेला मला माहीत नाही.

"आणि मला कसं शोधलंत?"

"नवा वकील म्हनला, फौजदार साक्षीला येत न्हाय. म्हटलं, मग आदी फौजदारच हुडकू. कागदावर सही हुती, इचारत इचारत आलो." तिनं त्या ओळीवरचं बोट उचललं. "सायेब, त्येस्नी बेड्या घालून आनलंतं तवा तुमाला कळलंतं काय, ह्यो त्यो न्हवं म्हणून?"

चौकशीत प्रश्न विचारून गप्प बसायचं, ही माझी जुनी युक्ती. समोरचा माणूस त्या शांततेतच फुटतो. त्या दुपारी ती गप्प बसली, आणि मी फुटलो.

"कळलं होतं."

तिनं नक्कल घडी घालून पिशवीत ठेवली. शिवी दिली नाही, रडली नाही. "सोमवारी तारीख हाय," म्हणाली. "या."

सोमवारी मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. "नाक्यावर पकडलेला माणूस हा नाही," असं सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, हे केव्हा लक्षात आलं? दोन दिवस मी दुसरंच उत्तर घोकत होतो. पण ती मागच्या बाकावर बसली होती. मी म्हणालो, "याला पकडून आणलं, त्याच दिवशी."

अण्णाप्पा निर्दोष सुटला आणि माझी चौकशी लागली. गेल्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. नव्या फौजदारांना मी एकच सांगतो: आरोपीला नुसतं नाव विचारू नका. घरात काय म्हणतात आणि शाळेच्या दाखल्यावर काय आहे, दोन्ही विचारा, आणि त्याच्या भाषेत विचारा. पण चूक होणं वेगळं, आणि ती दिसल्यावर तोंड फिरवणं वेगळं. पहिली माझ्या कन्नडची होती; दुसरी सर्वस्वी माझी.

निकालाच्या दिवशी शाळेची मुदत संपायला चार दिवस उरले होते. शाळेला निकालाची नक्कल हवी होती. मी कोर्टाच्या व्हरांड्यात स्वतःहून तिचा अर्ज भरून दिला आणि म्हणालो, "इथं सही करा, आक्का."

तिनं अर्ज माझ्या हातातून घेतला. नवऱ्याला शेजारी उभं केलं. मग एकेका अक्षरावर बोट फिरवत, ओठ हलवत त्याचं नाव वाचलं, सासऱ्याचं नाव वाचलं, परत एकदा पहिल्यापासून वाचलं. रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. मी उभा राहिलो. सगळं बरोबर आहे अशी खात्री झाल्यावर तिनं पेन मागितलं.