मित्रकोळ्यांवरच फवारणी

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय.

पिशोरच्या आमच्या शेडनेटमधल्या काकडीवर पानांचा रस शोषणारा लाल कोळी पडला होता. त्याला खाणारे मित्रकोळी मी तीन आठवड्यांपूर्वी पानोपानी सोडले. आकार ठिपक्याएवढा, पण काम चोख. नवी पानं हिरवीगार निघू लागली होती.

आज आत शिरले तर औषधाचा उग्र वास. माझे थोरले चुलतभाऊ, अण्णा, पाठीवर पंप घेऊन उभे.

"अण्णा, हे काय केलं?"

"पानांवर किडे पळत होते. औषधवाला म्हणला, लई कडक हाय, मार."

"ते आपले होते!"

"किडा तो किडा. त्यात आपला कोणता?"

भिंगातून पाहिलं. मित्रकोळी सगळे मेले होते. लाल कोळी मजेत फिरत होते, त्यांना ते औषध कधीच पचलंय.

औषधवाल्याला फोन करून सांगितलं, मित्रकोळी मेले, लाल कोळी तसेच आहेत. गावात त्याला डॉक्टर म्हणतात. तो म्हणाला, "ताई, मग याच्यापेक्षा कडक देऊ का?"

मी फोन ठेवला. आता औषधाचा असर उतरेपर्यंत नवे मित्रकोळी सोडता येणार नाहीत, तोवर काकडी लाल कोळ्यांच्या हवाली.

कोण खातं आणि कोण राखतं एवढंही न कळणारा हा डॉक्टर! तुमच्याकडचा तरी औषध देण्याआधी पान उलटून बघतो का?