मोरी नसलेलं घर

अमेरिकेतल्या एका डोंगरात, सरकारी जंगलाच्या कडेला, तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी थोडी लाकडी क्वार्टर्स आहेत. त्यांच्या देखभालीचं काम माझ्याकडे. म्हणजे घरं सरकारची, शिव्या माझ्या. आम्हीही त्यातल्याच एका घरात राहायचो.

त्या दिवशी शेजारचं घर संध्याकाळपर्यंत तयार हवं होतं. नवी रेंजर तान्ह्या बाळाला घेऊन येत होती आणि या डोंगरात भाड्यानं दुसरं छप्पर मिळत नाही. रंग झाला, हीटर झाला. आता जमीन पुसली की संपलं. पण माझं लहानपण वडिलांच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. तिथे नवं बिऱ्हाड यायच्या आधी घर पुसत नसत, धूत असत! मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बादल्या ओतल्या.

काय सांगू, पाणी पसरलं आणि खिडकीतला अख्खा डोंगर घरात आला. पाइनची झाडं उलटी उभी राहिली. एक ढग स्वयंपाकघराकडे निघाला. मी झाडू घेऊन त्याच्यामागे अनवाणी चालत राहिलो, किती वेळ ते देव जाणे.

"अहो, हे काय चाललंय?" दारात बायको.

"घर धुतोय."

"आणि पाणी काढणार कुठून? मोरी कुठेय?"

मी चारही कोपरे पाहिले. या घरांचा एकेक पाइप मला तोंडपाठ. मोरी नसते, एवढंच विसरलो होतो. तोवर ढगासकट सगळं पाणी फळ्यांच्या फटींत उतरलं, आणि दिवस कलता कलता फळ्या पापडासारख्या फुगल्या.

बॉसला फोन केला. ती म्हणाली, "बाळाला कुठे झोपवणार, तेवढं सांग."

मी बायकोकडे पाहिलं.

"आपल्या घरात," ती म्हणाली. "तुम्ही अजून धुतलं नाहीये ना ते!"

रेंजर आली तेव्हा बाळ तिच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं. बायकोनं आमची किल्ली तिच्या हातात ठेवली, आणि आम्ही गाद्या उचलून ओल्या घरात गेलो.

अजून तिथेच आहोत. फळ्या वाळल्या त्या लाटा होऊनच. सकाळच्या उन्हात चहा घेऊन चालताना घर होडीसारखं डुलतं. बाळ आता रांगतं. आमच्याकडे आलं की त्या लाटांवरून खिदळत सुटतं.

"जमीन दुरुस्त कधी करताय?" बायको विचारते.

"आधी लोकांची छपरं," मी म्हणतो, आणि बाळाचा चेंडू पुन्हा लाटेवर सोडतो.