दयारामाचा भाचा

दयाराम गेला त्याला सव्वा वर्ष होईल. वरवट बकालच्या स्टँडसमोर शेषरावाने त्याच्यासोबत वीस वर्षं सकाळचा चहा घेतला. पण त्याला खरोखर किती ओळखत होतास, असं कोणी विचारलं तर शेषरावाला खाली पाहावं लागेल. दयाराम शाळेत शिपाई होता, बायको लवकर गेली, एवढं साऱ्या गावाला ठाऊक आहे. त्यापलीकडे शेषरावाजवळ आहे ती एका फुटबॉल मॅचची हकिगत, आणि तिच्यावर गावाचा विश्वास नाही.

शाळेत दयारामाने तीस वर्षं घंटा वाजवली, पण त्याचा जीव होता फक्कीत. कबड्डीचं मैदान आखायचं असलं की तो दोरी ताणी, मुठीतून चुन्याची फक्की सोडत उलट्या पावलांनी जाई, आणि रेष अशी सरळ उतरे की मास्तरांना फळ्यावर पट्टी धरूनही तशी जमत नसे. बहिणीचा मुलगा दीपक त्याच्याच घरी वाढला. पुढे तो मुंबईला गेला आणि वर्षभरात दयाराम चहाच्या टपरीवर सांगू लागला, "आमचा दीपक मोठ्या टीमकडून फुटबॉल खेळते." गावात फुटबॉल कोणी पाहत नव्हतं, त्यामुळे अभिमान वाटायला काहीच अडचण आली नाही.

सरपंच केसरबाईंनी दीपकचा सत्कार काढला. त्याला सुटी नाही म्हणून दयारामाने दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा केसरबाई म्हणाल्या, "तो येत नसन तर तुम्ही जा दयारामभाऊ. टोपी, दुपट्टा, नारळ घेऊन जा, हाफटाइमले मैदानातच सत्कार करा. अन् सोबत शेषरावभाऊले न्या. ते खोटं बोलत नाहीत."

शेषराव खोटं बोलत नसे हे खरं. मुळात तो बोलतच फार कमी. आणि हाफटाइमला सत्कार यात कोणाला नवल वाटलं नाही. गावच्या कबड्डीत मध्यंतर असतं ते त्याचसाठी. खेळाडू दम खातात आणि पाहुणे माइक.

नांदुऱ्याहून गाडी पकडून दोघं घाटकोपरला दीपकच्या खोलीवर पोचले. दीपक पहाटेच कामावर गेला होता. मेट्रोने आझाद नगरला उतरा, एवढा निरोप आणि दोन पास ठेवून.

मेट्रोत गारवा होता आणि माणसं असूनही आवाज नव्हता. दयारामाने एसटीतल्यासारखं शेजारच्या मुलीला विचारलं, "कोणतं गाव, बाई?" तिने कानातलं काढून "सॉरी?" म्हटलं. "आमचं वरवट बकाल," दयारामाने स्वतःच सांगून टाकलं. तिने कान पुन्हा बंद केले. मग मांडीवरच्या पिशवीतला नारळ तो चाचपत राहिला. असल्फा गेलं, साकीनाका गेलं.

"शेषराव, एक सांगू?"

"सांग."

"दीपक खेळत नाही."

"आज नाही खेळत?"

"कधीच नाही खेळत बे! मैदान सांभाळते तो. गवत कापते, रेषा मारते."

डब्यातल्या भोंग्यातून एका बाईच्या आवाजाने पुढच्या स्टेशनचं नाव तीन भाषांत सांगितलं. ते संपल्यावर शेषरावाने विचारलं,

"मंग खेळते काऊन सांगितलं?"

"पहिल्यांदा खरंच सांगितलं होतं. तू नव्हता त्या दिवशी. तर टपरीवर दोघं हासले. म्हणे, म्हणजे तुह्यासारखा चपराशीच झाला! मले माह्यं काही नाही वाटलं रे, पोराचं वाटलं." त्याने पिशवी घट्ट धरली. "आता तू गावात जाऊन सांगशीन. अन् तुले कोणी विचारलं तर तू खोटं सांगणार नाहीस, हेबी मले माहीत हाय."

शेषरावाने मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यालाही नीट कळलं नाही.

स्टेडियमच्या दारावर पहारेकऱ्याने पिशवी उघडली. "चाचा, नारियल अंदर नहीं जाएगा. किसी को फेंक के मारोगे."

"अरे बापा, सत्काराचा नारळ हाय तो!"

पाण्याच्या बाटल्या आणि लायटरांच्या ढिगावर नारळ जाऊन बसला. टोपी-दुपट्टा आत गेला.

मॅच सुरू झाली. आसपासची पोरं उभी राहून ओरडत होती. शेषराव चेंडू शोधत होता. दयाराम चेंडूकडे पाहतच नव्हता. "ते मधातलं गोल पाह्य," तो म्हणाला. "कुठं जोड दिसते का? अन् ती कडंची रेष. शंभर मीटर, तसूभर हालली नाही! चुना नाही तो, रंग असते, गाडीनं मारतात. पण गाडी सरळ चालवाले दोरीच ताणा लागते." कोपऱ्यावर एका खेळाडूने पाय घासत रेष विसकटली, तेव्हा त्याने "च्!" केलं. त्याच क्षणी दुसऱ्या टोकाला गोल झाला. तो दोघांनीही पाहिला नाही.

हाफटाइमला ते कठड्यापाशी गेले, पण खाली कोणी उतरू देईना. मॅच संपल्यावर दीपक बाहेर आला, टीमच्याच रंगाच्या टी-शर्टात, पाठीवर इंग्रजीत कामाचं नाव. मेट्रोच्या जिन्याखाली दयारामाने त्याला टोपी घातली, दुपट्टा गळ्यात टाकला.

"मामा, हे कायचं?" दीपक लाजून म्हणाला.

"रेषांचं," दयाराम म्हणाला. "मी गावात खरं सांगून टाकतो. तुह्या रेषा पाह्यल्या नसत्या तर हिंमत झाली नसती."

शेषरावाने मोबाइलवर फोटो काढला. समोरून काढला, कारण त्याला तेवढंच येत होतं; पाठीवरचं कामाचं नाव त्यात आलं नाही.

गावात पोचले तर स्टँडवर फ्लेक्स लागला होता. धड कोणा परदेशी खेळाडूचं होतं, पायाखाली चेंडू, आणि वर दीपकचा दहावीच्या हॉलतिकिटावरचा चेहरा. संध्याकाळी सभेत दयारामाने माइक घेऊन सांगितलं, "दीपक खेळाडू नाही. तो मैदान आखते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. केसरबाई म्हणाल्या, "पाहा, मोठा माणूस असा नम्र असते!" शेषरावाला विचारलं, तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा माइकवर बोलला, "दयाराम सांगते ते खरं हाय." टाळ्या वाढल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "शेषरावले मॅचच समजली नसन बे!"

त्यानंतर दयाराम खरं सांगत राहिला आणि त्याची गावात किंमत वाढत राहिली. सकाळी दोघं फ्लेक्सखालीच चहा घेत. दयारामाच्या शेवटच्या थंडीत एक जण मुलाला टीममध्ये घ्या म्हणून आला; दयारामाने खरं सांगितलं, तर "नका करू मदत, पण बनवू तर नका" म्हणून तो रागाने निघून गेला.

दयाराम त्याच्या पाठीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "शेषराव, तुले तरी पटते ना, पोरगं रेषा मारते म्हणून?"

"हाव. म्या पाह्यल्या ना."

"हं." त्याने कप ठेवला आणि उठला. "संध्याकाळी तुरीच्या शेंगा धाडतो. पिशवी तेवढी वापस देजो."

"देतो," शेषराव म्हणाला.