जोडणीवरचा सफेदा

वडगाव रासाईचा हौसराव ठोंबरे माणूस वाईट नव्हता हो, पण त्याच्या मनात पाल कायमची मुक्कामाला होती. चहात साखर जास्त पडली की हा विचारणार, "आज काय काम काढलंय माझ्याकडं?" आणि कमी पडली की म्हणणार, "बरोबर हाय, आता गरज सरली माझी." त्याची बायको म्हाळसा म्हणायची, "ह्यांना जेजुरीला खुद्द देवानं परसाद दिला ना, तरी हे वळून बघत्याल, मागच्याला जास्ती दिला का काय." आणि ते काही खोटं नव्हतं. म्हाळसाच्या तोंडून खोटं सहसा निघायचं नाही, तिखट तेवढं निघायचं.

हौसरावचे आजोबा मेंढरं घेऊन हिंडले, बाप भीमेच्या काठाला स्थिरावला आणि हौसरावनं धंदा धरला पाइपलाइनचा. नदीवर मोटार बसवायची आणि माळावरच्या उसापर्यंत पाणी चढवायचं. ह्या धंद्यात संशयी माणूस उपयोगी पडतो, हे कबूल केलं पाहिजे. मोटारीच्या ओढीच्या बाजूला एक जोड केसभर ढिला राहिला, तर मोटार हवा ओढते, नुसती घुमते आणि पाणी काही येत नाही. शेतकरी म्हणतात, मोटारीनं एअर धरली. हौसरावनं केलेल्या लाइनीनं कधी एअर धरली नाही. पाइपाच्या तोंडाच्या आट्यांवर सुतळी गुंडाळायची, तिच्यावर सफेद्याचा, म्हणजे नळकामातल्या पांढऱ्या लांबीचा, घट्ट लेप द्यायचा आणि पाना लावून आवळायचं. सफेदा एकदा वाळला की मग पाणी वर्षानुवर्षं डोकं आपटू दे, जोड हलत नाही. सफेद्यावर त्याचा जेवढा विश्वास होता, तेवढा सख्ख्या भावावर नव्हता.

वेल्डिंगला त्याचा भागीदार होता केडगावचा एबनेझर साळवे. मिशनच्या आवारात वाढलेला, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारा, बाकी दिवस तोंडाला कुलूप. रोज पूल ओलांडून मोटारसायकलवर यायचा, काम करायचा, अंधार पडायच्या आत परत जायचा. तो गेला रे गेला, की हौसराव पत्र्याच्या डब्यात साबणाचा फेस करायचा, पाइपात हवा भरायचा आणि एबनेझरच्या प्रत्येक जोडावरून ब्रश फिरवायचा. जिथून हवा सुटते तिथं फुगा येतो. इतक्या वर्षांत नाव घेण्यासारखा एक फुगा आला नव्हता. पण त्यानं ह्याचं समाधान होईल तर तो हौसराव कसला! आज नाही सापडला, उद्या सापडेल, असं म्हणून हा दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्रश घेऊन हजर.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. रांजणगावात कारखाने उभे राहिले होते, आणि तिथल्या एका कारखान्यात खुटबावची धनश्री इंजिनियर होती. तिच्या बापाची पाइपलाइन हौसरावनंच टाकलेली, म्हणून ती त्याला मामा म्हणायची. ही पोरगी एक दिवस एक जुनीपानी गाडी ट्रकवर घालून थेट शेडच्या दारात घेऊन आली. वरून डबडं, पण आत बसवलेलं इंजिन चारशे घोड्यांचं, त्याला टर्बो लावलेला. दिवाळीनंतर एका बंद पडलेल्या धावपट्टीवर शर्यत होती, नाकासमोर सुसाट पळायची. वर्षभर सुट्ट्यांचे सगळे दिवस तिनं ह्या गाडीत घातले होते.

"मामा, पेट्रोलची सगळी लाइन तुम्ही आणि एबनेझरकाकांनी करायची," ती म्हणाली. "टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो. जेवढी हवा जास्त, तेवढं पेट्रोल जास्त लागतं. ऐन जोरात पेट्रोल कमी पडलं, तर आत इतकं तापतं की पिस्टन वितळतो. मग इंजिन संपलं."

"आन् कमी का पडंल?"

"गाडी झेपावली की टाकीतलं पेट्रोल मागं पळतं, नळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो."

"म्हंजी एअर धरतो! मग जॅकवेल बांध की मधी, नदीकाठच्या हिरीवानी. नदी खाली जाऊ दे न्हाईतर वर, मोटार आपली भरल्या हिरीतनं ओढती."

धनश्री हसली आणि तिनं कागद उलगडला. तिनं तेच काढून आणलं होतं. मागची टाकी, तिथून एक छोटा पंप, मग पाण्याच्या तांब्याएवढं अल्युमिनियमचं बंद भांडं, ते कायम काठोकाठ भरलेलं. भांड्याच्या बुडातून मोठा पंप ओढणार, फिल्टरमधून इंजिनाला देणार आणि उरलेलं पेट्रोल परतीच्या नळीनं पुन्हा भांड्यात. हौसरावला कागद असा आवडला की त्यानं तो उलटाही करून पाहिला, मागं काही लपवलंय का म्हणून.

"बुडाच्या जोडाला तांब्याची वायसर पुरते," धनश्रीनं बजावलं. "आट्यांना काही लावायचं नाही."

काम सुरू झालं, आणि तिथूनच बिनसायला लागलं. एबनेझर आठवड्यातून दोनदा लवकर निघायला लागला. विचारलं तर म्हणे, चर्चचं काम आहे. आता एबनेझर खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल व्हायचे, आणि हौसरावची नजर तर नेमकी कानावर. काहीतरी पाणी मुरतंय, हे त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. पुढच्याच आठवड्यात नळीचे तुकडे आणायला तो रांजणगावला गेला, तर चहाच्या टपरीवर हे आमचे भागीदार, एका कारखान्याच्या सुपरवायझरबरोबर हसतायत! हौसरावनं तर त्याला हसताना नाताळलाच काय ते पाहिलं होतं.

"चर्च कवापासनं कारखान्यात भराया लागलं?" घरी येऊन त्यानं म्हाळसालाच विचारलं.

"मला काय इचारता? त्येला इचारा."

"इचारलं तर खोटं सांगंल."

"मग खोटं सांगतोय येवढं तरी कळंल. हितं बसून माझा तवा जाळू नका."

पण विचारेल तर शपथ! संशयी माणसाला सगळं काही करवतं, सरळ विचारणं तेवढं करवत नाही. त्यानं मनाशी सगळं जुळवूनही टाकलं. एबन्या तिकडं नोकरीला चाललाय. जायच्या आधी ह्या पोरीच्या कामात खोट ठेवणार, जोड ढिला सोडणार, शर्यतीत गाडी बंद पडणार आणि पंचक्रोशीत माझं नाव जाणार. हे जुळवताना त्याला वाईटही वाटत होतं बरं का. जेवण उतरत नव्हतं. पण जुळवणं काही थांबत नव्हतं.

भांडं गाडीत बसलं, त्या दिवशी एबनेझर गेल्यावर हौसरावनं साबण काढला. बुडाच्या जोडावर ब्रश फिरवला. फुगा नाही. हवा वाढवली, पुन्हा फिरवला. नाही. पालथा पडून डोळा लावून पाहिलं, तरी नाही. तुम्ही-आम्ही असतो तर शेडला कुलूप लावून घरी गेलो असतो. हौसराव म्हणाला, इतकं चोख? कामात मन नसलेल्या माणसाचं काम इतकं चोख कसं? फुगा आला असता तर गडी एक वेळ शांत झोपला असता.

त्यानं पाना घेतला, जोड सोडवला, आट्यांवर सुतळी गुंडाळली, वर सफेदा थापला आणि पुन्हा आवळला. बाहेर आलेला सफेदा बोटानं पुसून घेतला, कुणाला दिसू नये म्हणून. मग घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

चाचणी घेतली ती रांजणगावच्या पुढं, जिथं कारखाने अजून यायचे होते त्या मोकळ्या प्लॉटांमधल्या रस्त्यावर. धनश्री हेल्मेट घालून बसली. पहिली फेरी झकास गेली. दुसरी त्याहून झकास. टर्बोची शिट्टी ऐकून हौसरावच्या अंगावर काटा आला, "आपली लाइन हाय ती!" असं तो ओरडलासुद्धा. तिसऱ्या फेरीला तिनं गाडी पुरती दाबली. अर्ध्या रस्त्यात गाडीनं आचका दिला. आतून कुणी घणानं ठोकावं तसा आवाज आला, मागून निळा धूर निघाला, आणि मग नुसती घरघर करत गाडी कडेला जाऊन थांबली.

हौसराव आणि एबनेझर धावत पोहोचले तर धनश्री मातीत बसलेली, हेल्मेट मांडीवर. "पेट्रोलच्या दाबाचा काटा एकदम खाली आला," ती म्हणाली. "पाय उचलेपर्यंत पिस्टन गेला." शर्यत आठवड्यावर आली होती. पोरगी रडली नाही, पण तिचा चेहरा बघवत नव्हता.

हौसरावचा बांधच फुटला. "मला म्हाईतच व्हतं! इचार, इचार ह्येला! चर्चचं काम म्हणतो आन् हितं रांजणगावात च्या पितो! जायचं व्हतं तर सांगून जायचं. पोरीच्या गाडीचा का गळा कापलास? बुडाचा जोड ह्येनं केला, ढिला सोडला, एअर धरली पंपानं!"

एबनेझरचे कान लाल झाले नाहीत. धनश्री उठली, पाना घेऊन गाडीखाली गेली आणि मोठा पंप सोडवून बाहेर घेऊन आली. पंपाच्या तोंडाशी जाळी असते, कचरा अडवणारी. ती जाळी पांढऱ्या चिकट लगद्यानं लिंपलेली होती, आणि त्या लगद्यात सुतळीचे तुसे.

"हे काय?" तिनं विचारलं.

"पाइपलाइनचा सफेदा," एबनेझर म्हणाला. "पाण्यात टिकतो. पेट्रोलात सुटतो." एवढंच. कुणी लावला, हे त्यानं सांगितलं नाही. हौसरावकडं बघितलंसुद्धा नाही.

हौसरावच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यभर पाण्याच्या लाइनी केलेला माणूस, पेट्रोल सफेदा धुऊन काढेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. गप्प बसला असता तर चाललं असतं, धनश्रीला कळायला मार्ग नव्हता. पण एक मात्र म्हणायला पाहिजे, गडी लबाड नव्हता.

"म्या लावला," तो म्हणाला. "ह्यो गेल्यावर. म्या खोलून लावला."

"मामा, मी सांगितलं होतं," एवढंच धनश्री म्हणाली आणि जाळी त्याच्या हातात ठेवून गाडीकडं गेली.

मग एबनेझर बोलला, आणि इतक्या वर्षांत बोलला नसेल इतकं बोलला. "पातळ अल्युमिनियम मी कवा जोडलं नव्हतं, हौश्या. त्यो सुपरवायझर मला शिकवत व्हता. तुला सांगितलं असतं तर तू हात लावू दिला असतास? त्यानं नोकरीचं दोनदा इचारलं. दोनदा न्हाई म्हनलो, तुझ्यासाठी. रोज संध्याकाळी तू माझ्या जोडावर साबण फिरवतोस, ते काय मला म्हाईत न्हाई? सकाळी फेस वाळलेला दिसतो की. मी म्हनायचो, फिरवू दे, चार डोळं बरं. तपास की! पण ह्या टायमाला तपासून नीट निघालं, तरी तू वरनं थापलंस."

दुसऱ्या दिवशी एबनेझर आला नाही. पुढच्या महिन्यापासून तो रांजणगावच्या कारखान्यात जायला लागला. तो एक दिवस सोडून जाणार, असं हौसराव वर्षानुवर्षं म्हणत आला होता. ते आता खरं झालं, आणि "बघ, म्हणत न्हवतो?" असं म्हणायला त्याची जीभ काही उचलेना. म्हाळसानंही टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजा.

त्याच्यानंतर तीन वेल्डर आले आणि ह्याच्या संशयाला कंटाळून तिघंही पळाले. शेवटी हौसराव स्वतःच वेल्डिंग शिकला. हात भाजले, डोळे सुजले, अल्युमिनियमला तर किती भोकं पाडली त्याला हिशोब नाही. वर्षभरानं धनश्रीनं नवं इंजिन उभं केलं आणि पुन्हा त्याच्याच दारात आली. तिनं का यावं? पहिले काही दिवस हौसराव याच विचारात होता. मग त्यानं विचारच केला नाही, भांडं केलं. जोडावर साबण फिरवला. फुगा आला नाही. पण दुसऱ्याच्या कामावर संशय घेणं वेगळं आणि स्वतःच्या हातावर घेणं वेगळं. त्याला झोप लागेना.

रविवारी ते भांडं फडक्यात गुंडाळून, साबणाचा डबा नि ब्रश घेऊन तो केडगावला गेला. एबनेझर नुकताच चर्चमधून आला होता, इस्त्रीचा पांढरा सदरा अजून अंगावर.

"काय रे हौश्या?"

"ह्ये तपास." हौसरावनं ब्रश पुढं केला. "माझ्या म्होरं तपास. काय खोट आसंल ती काढ. वाट्टेल ते बोल, मी ऐकतो."

एबनेझरनं भांडं हातात घेतलं, उन्हाकडं धरून एकवार फिरवलं. "कुणी जोडलं?"

"म्या."

"तू जोडलंस न्हवं? मग काय बघायचं त्यात?" त्यानं भांडं फडक्यात होतं तसं गुंडाळून परत दिलं. "जा, बसव गाडीत. थांब, च्या घेऊन जा." आणि तो आत गेला.

हौसराव पायरीवर बसला. हातातल्या ब्रशावरचा फेस उन्हात विरत चालला होता. "आरं, एकदा तरी फिरव की रे," तो पुटपुटला, पण ऐकायला तिथं कुणी नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं पुसलंही नाही.

आतून एबनेझरची हाक आली, "साखर किती घालू रे?"

"घाल," हौसराव म्हणाला, "तुला किती घालायची ती."