जानकूबाची खाण

आमच्या निरगुडसरात माझ्या सासूबाईंना साळुबाई म्हणून कमी आणि ‘खाणवाली’ म्हणून जास्त लोक ओळखतात. खाण म्हणजे साधीसुधी नाही, सोन्याची. ती कुणी पाहिलेली नाही, तिचा पत्ता कुणाला माहीत नाही, आणि तरीही म्हातारी जन्मभर तिच्यापायी लोकांशी भांडत आली. मी त्यांची सून, रत्ना. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, थट्टेतलं नाव असेल. आठवडाभरात कळलं, या घरात दुसऱ्या कशावरही हसलेलं चालतं, खाणीवर नाही.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचं माहेर डोंगराकडं, जुन्या आंबेगावच्या वरच्या अंगाला. ते सगळं आता डिंभ्याच्या धरणाखाली आहे. त्यांचे वडील जानकू. आत्या लहान होत्या तेव्हा जानकूबा हरवलेल्या शेळीमागं सोनदऱ्यातल्या एका कपारीत शिरले. शेळी सापडली नाही, पण बाहेर आले ते हातात मुठीएवढा खडा घेऊन. आत डोंगराच्या पोटात एक खोली आहे, तिच्या भिंती चमकतात, असं त्यांनी गावाला सांगितलं. गाव दिवाळीनंतर बघायला निघालं. मधल्या पावसाळ्यात तिथं दरड कोसळली होती. जानकूबा दिवसभर दगड उपसत राहिले, गाव उंबराखाली बसून हसत राहिलं. संध्याकाळी सगळे घरी गेले आणि जानकूबा त्या दिवसापासून लबाड ठरले.

पुढं धरणाची मोजणी आली. तेव्हा जानकूबांनी साहेबाला हात जोडून सांगितलं, “इथं खाण हाय, तेवढी लिवा.” साहेबही हसला म्हणे. त्यानंतर ते खाणीबद्दल कधी बोलले नाहीत. आत्यांना सगळ्यात जास्त राग येतो तो त्या साहेबाचा.

तो खडा जानकूबांनी लेकीच्या लग्नात तिच्या ओटीत घातला. इथं आल्यावर तो देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी बसला. दर रविवारी त्याला भंडारा वाहायचा, हे काम पुढं माझ्याकडं आलं. खडा पिवळाधमक दिसायचा. समईच्या उजेडात तर असा झळकायचा की आलेला पाहुणा आधी त्याच्याकडं बघायचा, मग देवाकडं.

चांदीचे टाक आम्ही सणावाराला चिंचेनं घासून काढतो. हा खडा मात्र कुणी कधी धुतला नाही. माझ्या आजेसासूचा दंडक होता, की चांदी काळी पडते म्हणून धुवायची, सोनं काळं पडत नाही, मग त्याला पाणी कशाला? आणि देवाजवळ बसलेल्या वस्तूला कस लावायचा नाही, हा दुसरा दंडक. म्हणजे सोनं आहे म्हणून धुवायचं नाही, आणि देव आहे म्हणून तपासायचं नाही. माणसानं शंका घ्यायची तरी कुठून? लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी एकदा खडा उचलून म्हटलं होतं, “आत्या, सोनं एवढं हलकं असतं का हो?” चंपाषष्ठीपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

माझी मुलगी श्रेया पुण्यात भूशास्त्र शिकते. ती सुट्टीला आली की आजी-नातीचं कोर्ट सुरू व्हायचं आणि मी भाकरी थापता थापता ऐकायची.

“आजी, हा सगळा काळा कातळ लाव्ह्याचा. यात सोनं नसतं.”

“मग नाणेघाटात एवढा मोठा रांजण कशाला ठिवलाय? सोन्यानं भरायचा त्यो.”

“तो जकातीचा म्हणतात. जकात रस्त्यावर गोळा होते, खाणीत नाही.”

“आन आमच्या दऱ्याला सोनदरा का म्हणत्यात?”

“भाद्रपदात तिथं सोनकी फुलते म्हणून. अख्खा उतार पिवळा होतो.”

“गोरा साहेब घोडा घिऊन खाण हुडकाया आला व्हता, त्यो काय फुलं तोडाया?”

“गोरा साहेब प्रत्येक गावात आलेला असतो, आजी.”

यावर आत्या बोट देव्हाऱ्याकडं करायच्या. “आन ह्यो?” श्रेया नुसती लांबून वाकून बघायची. त्याला हात लावायची परवानगी नव्हती, आणि खरं सांगायचं तर तो एकच साक्षीदार मलाही खोडून काढता येत नव्हता.

गेल्या फाल्गुनात पेठ गावाला एका लग्नात गेलो होतो. तिथं आत्यांच्या माहेरचा एक म्हातारा मांडवात मोठ्यानं म्हणाला, “दागिनं झाका रं, खाणवाल्याची लेक आली! तिच्यापुढं तुमचं काय चालायचं?” मांडव हसला. आत्यांनी एरवी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी जेवणाचं ताट तसंच ठेवून उठल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, “रत्ना, एक डोळा तर गेलाच. दुसऱ्याचा डाक्टर भरवसा देत न्हाई. दिसतंय तवर मला कळू दे, माझा बा खोटा व्हता का खरा.”

खंडोबाला कौल लावला. टाकाच्या दोन्ही अंगांना झेंडूची पाकळी चिकटवायची, उजवी आधी पडली तर देवाचा होकार. उजवी पडली. वर पंखा चालू होता, पण ते बोलायची माझी काय बिशाद!

दुसऱ्या दिवशी आम्ही नारायणगावला सुगनचंद शेटांच्या पेढीवर गेलो. आमच्या घरातलं मणी-मंगळसूत्र सगळं त्यांच्याच हातचं. शेट आता ऐंशीला टेकलेत, गादीवर मुलगा बसतो, पण जुनं गिऱ्हाईक आलं की स्वतः पुढं येतात. खडा बघून त्यांनी आधी हात जोडले आणि मग मान हलवली.

“बाई, देवाची वस्तू मी दगडावर घासत नाही.”

“शेट, देवानंच पाठिवलंय.”

शेटनी थोडा विचार केला. “मग आधी मळ काढू. मळावर कस लागत नाही.”

रिठ्याच्या कोमट पाण्यात त्यांनी खडा सोडला आणि मऊ ब्रशनं हळूहळू घासायला लागले. वाटीतलं पाणी पिवळं झालं. ते ओतून दुसरं घेतलं, तेही पिवळं झालं. इतक्या वर्षांचा भंडारा, तेल, समईची काजळी, सगळं सुटत होतं. आणि खड्याचा पिवळेपणाही त्याबरोबर निघून चालला होता. मला ते कळलं तेव्हा मी आत्यांचा हात धरला. शेटनी शेवटी खडा पुसून पांढऱ्या कापडावर ठेवला. खाली काळ्या दगडाची बैठक, आणि तिच्यावर पाण्यासारखे आरपार, चौकोनी, टोकदार स्फटिक.

कसोटीचा दगड शेटनी घेतलाच नाही. “हे सोनं नाही, साळुबाई,” ते म्हणाले. एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी खडा दारातल्या उन्हात धरला. पेढीच्या छतावर, भिंतीवर, आमच्या अंगावर रंगीत कवडसे पसरले. समोरचा चहावालाही बघायला आला. सगळे बघत होते, फक्त आत्या बघत नव्हत्या. “म्हंजे बा खोटंच बोलला,” एवढं म्हणून त्यांनी खडा पदरात बांधला.

घरी आल्यावर खडा देव्हाऱ्यात गेला नाही. स्वयंपाकघराच्या फळीवर मिठाच्या बरणीमागं गेला. पुढचे काही आठवडे आत्या कुणाशी भांडल्या नाहीत. ओट्यावरून कुणी “काय खाणवाली, बरं हाय का?” म्हणालं तरी नुसती मान हलवायच्या. इतकी वर्षं मी त्या भांडणांना वैतागले होते. आता मला वाटायचं, म्हातारीनं एकदा तरी तोंड सोडावं. घरात इतकी शांतता मला सोसवत नव्हती.

वैशाखात श्रेया सुट्टीला आली. मीठ घ्यायला फळीशी गेली आणि तिथंच फरशीवर बसली.

“आई, हा आजीचा खडा? हा?”

“हो. सोनं नाही तो. तूच जिंकलीस.”

ती माझ्याकडं बघेनाच. “आई, हे अपोफिलाइट आहे. लाव्हा थंड होताना आत पोकळ्या राहतात, त्यांच्या भिंतींवर हे वाढतं. विहिरी खोदताना लोकांना मिळतं, गारा म्हणून फेकून देतात. पण एवढं मोठं मी फक्त काचेच्या कपाटात बघितलंय.” मग तिनं आत्यांसमोर जाऊन फतकल मारली. “आजी, तुझ्या बानं नेमकं काय सांगितलं होतं? लोकांचं नको, त्याचं सांग.”

आत्यांनी डोळे मिटले. “त्यो म्हनायचा, आत शिरलो, पेटती चूड वर केली, आन चारी अंगानं उजेड माझ्याकडं आला.”

“सोनं म्हणायचा?”

आत्यांनी डोळे उघडले. “आदी न्हाई. सोनं लोकांनी केलं. मंग लोक म्हणत्यात तर आसंल, म्हनून त्यो बी म्हनाया लागला.”

श्रेया म्हणाली, “मग खोलीचं अजून कुणी खोडलेलं नाही, आजी. खोली असू शकते.”

असू शकते! एवढ्या दोन शब्दांवर आत्या उठून उभ्या राहिल्या आणि लुगडं नीट करायला लागल्या. त्यांना त्याच क्षणी निघायचं होतं.

आठवड्याच्या आत आमच्या ह्यांनी जीप काढली. उन्हाळ्यात डिंभ्याचं पाणी खाली जातं, बुडालेले उतार उघडे पडतात. काठावर अमृत नावाचा होडीवाला भेटला. मासे धरण्यात त्याचा जन्म गेलेला. सोनदरा विचारल्यावर त्यानं लगेच हात केला.

“त्या अंगाला एक कपार हाय. पयल्यांदा बुजल्याली व्हती म्हणत्यात. लाटांनी धोंडं ढासळत गेलं आन तोंड उघडं पडलं. वटवाघळं निघत्यात, म्हणून कोण जात न्हाई.”

मी आत्यांकडं पाहिलं. ज्या धरणानं त्यांचं गाव गिळलं, त्याच्याच पाण्यानं ती दरड वर्षानुवर्षं उकरून काढली होती.

होडी लागली. वर वाळलेला उंबर उभा होता, आत्यांनी तो ओळखला. कपार कमरेएवढी होती आणि आत वर चढत गेली होती. श्रेया बॅटरी घेऊन आधी सरपटत शिरली. तिच्या चपलांचा आवाज येत होता तो थांबला. मी हाका मारल्या. उत्तर नाही. मग आतून तिचा आवाज आला, रडका, पण भ्यालेला नाही.

“आजीला आणा. कसंही करून आजीला आणा.”

आमच्या ह्यांनी पुढून ओढलं, मी मागून आधार दिला, अमृत “सांबाळून, आज्जे, सांबाळून” करत राहिला. वटवाघळं डोक्यावरून गेली. चिखल संपला, चढ संपला, आणि मला उभं राहता आलं. अंधार होता. आमची सगळी माणसं आत आल्यावर श्रेयानं बॅटरी वर केली.

मी देवळांत गेले आहे, लेणी बघितली आहेत, समुद्र बघितला आहे. हे वेगळं होतं. आमच्या घराच्या माजघरापेक्षा मोठी खोली, आणि बोटभर जागा मोकळी नव्हती. भिंती, छत, कोपरे, सगळीकडून ते पाण्यासारखे स्फटिक बाहेर आलेले, कुठं हिरवट, कुठं गुलाबी पंख्यासारखे, काही माझ्या हाताएवढे. बॅटरी जराशी हलली की सगळी खोली हलायची. चारी अंगांनी उजेड आमच्याकडं येत होता. माणूस नव्हता तेव्हापासून हे अंधारात असंच उभं होतं, आणि एका शेळीमागं आलेल्या माणसानं ते एकट्यानं बघितलं होतं. माझे हात आपोआप जोडले गेले. आमचे हे चप्पल काढून उभे राहिले.

आत्यांनी कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली. सवयीनं चिमूट घेतली, भिंतीशी नेली आणि तिथंच थांबल्या. मग तो भंडारा त्यांनी भिंतीला न लावता स्वतःच्या कपाळाला लावला. आपला एक डोळा त्यांनी अगदी स्फटिकाजवळ नेला. एका भिंतीपासून दुसरीपर्यंत त्या हळूहळू बघत गेल्या, कुणीही घाई केली नाही.

“आत्या,” मी म्हटलं, “तुमचा बा खरा होता.”

त्यांनी मान हलवली. गालावरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

“खरा कसला, रत्ना,” त्या म्हणाल्या. “लई कमी सांगत व्हता गं त्यो.”